पारुबाईचा तांडा

ही गोष्ट ज्या जगात घडली ते जग थेट आपल्यासारखंच होतं. तिथंही सेनगावची जीप माणसं कोंबल्याशिवाय जागची हलत नव्हती, तिथंही ऐन काढणीत हरभऱ्याला बाया मिळत नव्हत्या. फरक एकच. त्या जगात जर्मनीची बादशाही बुडालीच नव्हती. शंभर वर्षांपूर्वीचं मोठं युद्ध तहावर मिटलं, बादशहा गादीवर राहिला, त्याच्यामागं पोरगा आला, नातू आला, आणि त्या नातवाच्या पोराच्या डोक्यात यंदा मार्च लागता लागता वारं शिरलं. आठ दिवसांत त्यानं शेजारच्या लहानसहान देशांत रणगाडे घातले. डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग. बळी तो कान पिळी, दुसरं काय! त्यातलं लक्झेंबर्ग म्हणजे केवढं म्हणाल तर आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या निम्मं. तेवढ्याला रणगाडे कशाला लागतात हे त्या बादशहालाच माहीत.

आता तुम्ही म्हणाल, जर्मनीच्या बादशहाचा आणि सेनगाव तालुक्यातल्या बंजारा तांड्याचा काय संबंध? संबंध होता. त्या निम्म्या हिंगोलीएवढ्या देशात अमरसिंगची नात होती. दिपा तिचं नाव.

अमरसिंग अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. डोक्याला लाल फेटा, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र ठणठणीत. बंजाऱ्यांचे तांडे पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे, फौजांना रसद पुरवायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. आगगाडी आली आणि ते बंद पडलं. अमरसिंगनं जन्मात एकदाही लादलेला बैल हाकला नव्हता. त्याची दोन एकर जमीन, तिच्यात सोयाबीन आणि तूर, आणि लांबात लांबचा प्रवास नांदेडचा. पण गोष्टी सांगायला बसला की वाटावं, गडी आत्ताच तांडा उतरवून पाय धुवून आला आहे.

त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट पारुबाईची. पारुबाई म्हणजे त्याच्या आज्याची पणजी. पैनगंगेच्या एका अंगाला निजामाची फौज, दुसऱ्या अंगाला पेशव्यांची, आणि मधे हा तांडा. तीनशे बैल, पाठीवर गोण्या. तांड्याचा नाईक म्हणाला, अंधार पडू द्या, गुपचूप निघू. तर पारुबाई उठली. म्हणाली, "चोरावाणी काहून जायचं? घुंगरमाळा वाजवा, गाणं म्हना, दिवसाउजेडी चला. आपन काय चोर हाव का?" आणि ती पुढं झाली. माळा वाजत होत्या, बाया गात होत्या, आणि दोन्ही फौजांनी भाले खाली करून तांड्याला वाट दिली.

पुसेगावचा तातेराव हा अमरसिंगचा जुना दोस्त, आणि टिंगल करण्यात पटाईत. सेनगावला चहाच्या हॉटेलात ही गोष्ट निघाली की तो बशीतला चहा फुंकत म्हणायचा, "अमरसिंग, मागल्या बाजारी तीनशे बैल व्हते, आज चारशे झाले. रातीतून तुजे बैल व्याले का रे?" सगळं हॉटेल हसायचं. अमरसिंगही हसायचा.

हसायची नाही ती फक्त दिपा. सहा वर्षांची असल्यापासून तिनं ती गोष्ट शंभरदा ऐकली असेल. बाप लवकर गेला, आई रुख्मिणीबाई दिवसभर वावरात, तर पोरगी आज्याच्या मांडीवर वाढली. तांड्यात आजोबाला दादा म्हणतात, आईला याडी. "दादा, पारुबाई सांग," एवढंच तिचं मागणं. पुढं नांदेडला नर्सिंग शिकली, जर्मन भाषा शिकली, आणि लक्झेंबर्गात एका वृद्धाश्रमात कामाला लागली. निघताना अमरसिंगनं खुंटीवरची घुंगरमाळ काढून तिच्या बॅगेत घातली. तांड्याच्या दिवसांतली घरात राहिलेली ती एकच वस्तू, चामड्याच्या पट्ट्याला बारा पितळी घुंगरं. मुंबईच्या विमानतळावर म्हणे तिघांनी बॅग उघडून ती माळ वाजवून पाहिली आणि मगच पोरीला सोडलं.

वृद्धाश्रमाच्या गावाचं नाव अमरसिंगला कधी उच्चारता आलं नाही, म्हणून तो त्याला नदीवालं गाव म्हणायचा. गावाला लागून नदी, नदीवर पूल, पुलापलीकडं तीन-चार किलोमीटरवर फ्रान्सची हद्द. फ्रान्स या भानगडीत नव्हतं. हद्दीवर मदतीचे तंबू पडले होते. पण पुलावर जर्मन शिपाई बसले, आणि सगळी गोष्ट तिथंच अडली.

रणगाडे आले त्या दिवशी वृद्धाश्रमाचा मुख्य माणूस "जरा पेट्रोल भरून येतो" म्हणून गाडीत बसला तो गेलाच. मग स्वयंपाकी गेला, मग दुसऱ्या नर्सा गेल्या. कुणाला दोष द्यावा? ज्याला त्याला आपली लेकरं. राहिली एकटी दिपा आणि अकरा म्हातारी माणसं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन लागला. घरी सगळे एका फोनभोवती गोळा झाले. रुख्मिणीबाई, दिपाचा भाऊ योगेश, आणि अमरसिंग. तिकडून आवाज तुटत तुटत येत होता. घरातलं बोलणं त्यांच्या गोरबोलीत झालं, मी आपलं मराठीत सांगतो.

रुख्मिणीबाई म्हणाली, "बाई, उद्या आपल्या वकिलातीची गाडी तुज्या गावात येनार हाय. योगेशला मेसेज आलाय. सकाळी आठला चौकात. तुजी जागा धरून ठिवली हाय. गुमान बस आन् ये."

"याडी, गाडीत आपल्याच लोकांला घेतात. माज्या म्हाताऱ्यांला घेत न्हाईत. विचारलं मी."

"तुज्या म्हाताऱ्या? तुज्या कधीपासून झाल्या त्या?"

"दोन दिवस झाले, खायला निसते बिस्किटं हैत. गोळ्या संपून राहिल्या. मी गेले तर त्यांला पानी देणारं बी कोनी न्हाई." मग ती पुढं म्हणाली, "अकरा हैत. दहा जन कसेबसे निघतील. अकरावी एक्क्याण्णव वर्षांची हाय, मारगेरिट. लई खोकते. तीच म्हनून राहिली, मला हितंच ऱ्हाऊ दे, माज्यापायी बाकीचे अडकतील. बगू काय करता येतं ते. दादा हाय का तिथं?"

अमरसिंग पुढं सरकला.

"दादा, मी ठरवलंय. गाडीत बसत न्हाई. उद्या सकाळी आमी पुलावरून जानार. पारुबाईवाणी. माळ वाजवत, गानं म्हनत, दिवसाउजेडी. तू सांगितलं व्हतंस ना, लपून गेलं की चोर समजतात, वाजत गेलं की वाट देतात. मला तेच आठवून राहिलं दोन दिवस..."

आणि फोन कटला. पुन्हा लागला नाही.

योगेशला क्षणभर बहिणीचा अभिमानच वाटला. "दादा, ऐकलं का? तुजी पारुबाई!" असं म्हणत त्यानं वळून पाहिलं तर म्हाताऱ्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. तो उठून बाहेर गेला आणि बाजेवर जाऊन बसला.

कारण ती गोष्ट खोटी होती.

खरी गोष्ट त्याला त्याच्या आज्यानं सांगितली होती, गुरं राखताना पळसाखाली, अमरसिंग बारा वर्षांचा असताना. फौजा समोरासमोर होत्या हे खरं. तांडा मधे सापडला हेही खरं. पण कुणी माळा वाजवल्या नाहीत. नाईकानं प्रत्येक घुंगरात कापूस कोंबायला लावला, आणि तांडा तीन दिवस ओढ्याच्या कपारीत दडी मारून बसला. पारुबाई तेव्हा म्हातारी झालेली. गुडघे गेलेले, आणि छातीत खोकला. ती खोकली की आवाज दूरवर जायचा. तिसऱ्या रात्री तांडा निघाला तेव्हा तिला एका झाडाखाली बसवलं, पाण्याची घागर जवळ ठेवली, आणि "सकाळी घ्यायला येतो" म्हणून सांगितलं. कुणी आलं नाही. पोटच्या पोरानंही मागं वळून पाहिलं नाही. सांगताना आजा हमसून हमसून रडला होता.

म्हणून तर त्यांच्या घरात दिवाळीला पूर्वजांच्या नावानं चुलीत घास टाकतात, त्यातला पहिला घास पारुबाईचा. नाईकाचा नाही, कुणा मोठ्या कर्त्या पुरुषाचा नाही. उपाशी ठेवलेल्या म्हातारीचा.

सहा वर्षांच्या दिपानं एका दिवाळीला विचारलं, "दादा, पारुबाईचा घास पहिला काहून?" आता लेकराला काय सांगणार, की आपण तिला टाकून आलो म्हणून? अमरसिंगची जीभ धजली नाही. तो म्हणाला, "ती सगळ्याच्या पुढं चालायची म्हनून." एवढं एक वाक्य खोटं बोलला, आणि मग त्या वाक्याला पाय फुटले, बैल फुटले, फौजा फुटल्या. मागं राहिलेल्या बाईला त्यानं पुढं नेऊन उभं केलं. सांगून सांगून त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

आणि आता पोरगी त्या भरवशावर बंदुकांसमोर जाणार होती.

सकाळी योगेशच्या फोनवर बातमी आली. त्याच भागात रात्री नदी ओलांडणाऱ्या लोकांवर जर्मन शिपायांनी गोळ्या झाडल्या, चार जण गेले. रुख्मिणीबाईनं ते ऐकलं आणि चुलीपुढं डोकं धरून बसली. अमरसिंगनं योगेशला हाक मारली. "मला टेकाडावर घिऊन चल. तिथं रेंज बराबर येती. मला दिपाला आवाजाचा मेसेज धाडायचाय."

टेकाडावर दगडावर बसल्यावर तो योगेशला म्हणाला, "बटन कुठलं दाबायचं ते दाखव आन् तू लांब जा." योगेश लांब गेला. पण टेकाडावर वारं असतं, आणि वाऱ्यावर आवाज येतो. योगेशनं सगळं ऐकलं.

"दिपा बेटा, तुजा दादा बोलतो. नीट ऐक. मी तुला खोटं सांगितलं. पारुबाई पुढं चालली न्हाई. तिला मागं टाकलं आपल्या लोकांनी. घुंगरात कापूस कोंबला आन् दडून बसले, आन् ती खोकती म्हनून तिला झाडाखाली बसवून, पान्याची घागर जवळ ठिवून निघून गेले. हे खरं हाय. मला माज्या आज्यानं सांगितलं. मला लाज वाटली, म्हनून मी तुला दुसरंच सांगितलं. भाले कोनी खाली केले न्हाईत बाई. फौज कोनालाच वाट देत न्हाई. तू माज्या गोष्टीच्या नादानं पुलावर जाऊ नको. आन् ऐक, आपले लोक म्हातारीला सोडून गेले म्हनून तर ते वाचले. म्हनून मी झालो, म्हनून तू झालीस. तू बी सोड. कोनी तुला नाव ठेवनार न्हाई. ठेवलं तर मी हाय. मी बी म्हाताराच हाव, मी म्हातारा असून सांगतो तुला, सोड त्यांला. आठला चौकात ये आन् गाडीत बस."

बटण सोडलं तेव्हा म्हाताऱ्याच्या दाढीतून पाणी ठिबकत होतं. योगेश जवळ आला, मेसेज गेला का ते पाहिलं. एकच खूण होती. म्हणजे इथून निघाला, तिकडं पोचला नाही.

दोघं तिथंच बसून राहिले. नऊ वाजले, दहा वाजले. ऊन तापायला लागलं. योगेश म्हणाला, "दादा, घरी चल." म्हातारा जागचा हलला नाही. अकराला दोन खुणा झाल्या. पाच मिनिटांत त्या निळ्या झाल्या. योगेश ओरडलाच, "ऐकला! ऐकला तिनं!" तिकडं घड्याळ साडेचार तास मागं, म्हणजे तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते. गाडीला दीड तास होता.

उत्तर काही आलं नाही. पण घरात कसा जिवात जीव आला! रुख्मिणीबाई उठली, तिनं तोंड धुतलं, तुळशीला पाणी घातलं. "शहाणी हाय पोरगी. बसती आता गाडीत," असं स्वतःशीच चार वेळा म्हणाली. अमरसिंगनं मात्र भाकरीला हात लावला नाही. नात वाचली याचा आनंद होताच, का नसावा? पण पोरीनं वीस वर्षं मनात जपलेली पारुबाई आपण आज आपल्याच तोंडानं झाडाखाली नेऊन बसवली, हे त्याला खात होतं. ती परत येईल, पण पुन्हा कधी "दादा, पारुबाई सांग" म्हणणार नाही.

दुपारी एकला फोन वाजला. वकिलातीचा माणूस होता, हिंदीत बोलत होता. योगेशनं सगळ्यांना ऐकू येईल असा फोन धरला. "दिपा राठोड चौकात आल्या नाहीत. आम्ही वीस मिनिटं थांबलो. जास्त थांबता आलं नाही. माफ करा."

योगेशनं फोन ठेवला. मग रुख्मिणीबाई उठली. सासऱ्यासमोर तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, की कधी आवाज चढवला नव्हता. आज पदर खांद्यावर आला तरी तिला भान नव्हतं.

"मामा, तुमच्या गोष्टीनं माजं लेकरू खाल्लं! दुसऱ्याचे आजे सांगतात ना चिमणी-कावळ्याच्या गोष्टी. तुमाला फौजा पायजे व्हत्या, बैल पायजे व्हते. बसा आता बैल मोजत!"

प्रत्येक शब्द खरा होता. अमरसिंग मान खाली घालून बसला. योगेशला वाटलं आईला सांगावं की दादानं सकाळी काय केलं, पण त्याचंही धाडस झालं नाही.

तेवढ्यात तातेराव आला. पुसेगावात बातमी पोचली होती. आज त्यानं एक शब्दानं टिंगल केली नाही. जोडे काढले, अमरसिंगच्या शेजारी बाजेवर बसला आणि बसून राहिला. पानाची चंची काढली, अमरसिंगपुढं धरली, त्यानं मान हलवली तशी परत ठेवून दिली. तीन वाजले. चार वाजले. जिवाला घोर लागला की घड्याळ कसं अंगावर येतं, ते ज्याच्यावर आलं त्यालाच कळतं.

सहाला फोन वाजला. व्हिडिओचा. योगेशच्या हातातून तो दोनदा निसटला.

पडद्यावर दिपा होती! केस विस्कटलेले, ओठ फुटलेले, पण धडधाकट. तिच्यामागं पांढरा तंबू, ओळीनं खाटा, आणि खाटांवर गोधड्यांत गुंडाळलेली म्हातारी माणसं. रुख्मिणीबाईला रडूच आवरेना. "बाई गं, माजी बाई," एवढंच ती म्हणत राहिली.

"याडी, पोचलो. फ्रान्समधी हाव. समदे पोचलो. पुलापलीकडून मदतवाल्यांनी गाड्यांत घालून आनलं."

मग तिनं सांगितलं, आणि ते सांगणं असं की ऐकणाऱ्याची छाती फुगावी. चाकाच्या खुर्च्या चारच होत्या. ज्यांना उभंच राहता येत नव्हतं त्या चौघांना खुर्च्यांत बसवलं. तीन खुर्च्या ढकलायला जरा बरे होते ते तीन म्हातारे लावले, म्हणजे त्यांनाही धरून चालायला आधार. उरलेले चौघं काठी टेकत. पहिली खुर्ची दिपाकडं, आणि त्या खुर्चीच्या दांडीला घुंगरमाळ बांधलेली. गावापासून पूल अर्धा किलोमीटर, आपण सात-आठ मिनिटांत जाऊ. त्यांना दीड तास लागला. दर वीस पावलांवर कुणीतरी थांबायचं, मग सगळे थांबायचे, मग पुन्हा माळ वाजायची.

"गानं कुठलं म्हनलीस?" योगेशनं विचारलं.

"होळीची लेंगी. दुसरं काय येतं मला! त्यांला शब्द येत न्हाईत, तर ते निसते ताल धरून राहिले. एक आजोबा तर कायच्या काय सुरात वरडत व्हते."

पुलाच्या तोंडाशी शिपायांनी बंदुका उचलल्या. दिपा घाबरली, तिनं ते कबूल केलं. पण ती थांबली नाही आणि पळालीही नाही. माळ वाजत राहिली. पंचविशीतला एक अधिकारी पुढं आला आणि जर्मनमध्ये खेकसला, कुणाच्या परवानगीनं चाललात? दिपा त्याच्याच भाषेत म्हणाली, परवानगी कुणाची नाही. ही म्हातारी माणसं आहेत, यांना जेवायला आणि औषधाला न्यायचं आहे. गोळी घालायची तर या खुर्चीतल्या आजीला आधी घाला, ती सगळ्यांच्या पुढं आहे.

"मंग?" तातेराव बाजेवरून पुढं झुकला होता.

"मंग ती आजी खोकली. लई खोकली. आन् खोकला थांबल्यावर तिनं त्या सायबाकडं वर पाहिलं आन् म्हनली, पोरा, थंडी किती हाय, गळ्याचं बटन लाव की! आन् तात्या, त्यानं लावलं. खरंच लावलं. तसाच उभा राहिला थोडा वेळ. मंग कोनाकडं बी न बगता हातानं आडवा बांबू वर कर म्हनला."

तातेरावानं डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. म्हणाला, "पोरी, तुजे पाय धुवून पानी प्यावं."

अमरसिंग आतापर्यंत मागं होता. योगेशनं फोन त्याच्यासमोर धरला. म्हाताऱ्याला नातीच्या डोळ्याला डोळा देववेना.

"बेटा, माजा मेसेज... तू ऐकला न्हाईस का?"

"ऐकला दादा. दोनदा ऐकला."

"मंग खोटं हाय हे कळून बी गेलीस? तुला गाडीत बस म्हनलं व्हतं मी."

दिपानं फोन फिरवला. तंबूच्या दारापाशी पहिल्या खाटेवर एक अगदी बारकुली म्हातारी उशीला टेकून बसली होती. हातात सुपाची वाटी. घुंगरमाळ तिच्या मांडीवर होती आणि ती एकेक घुंगरू बोटानं हलवून पाहत होती.

"हीच मारगेरिट. हिला मी मागं ठिवनार व्हते, दादा. काल रातीलाच ठरलं व्हतं आमचं. ती बी तयार व्हती. मी तिच्या उशापाशी पान्याची बाटली बी भरून ठिवली व्हती. दहा जन घिऊन निघायचं, असंच ठरलं व्हतं. सकाळी तुजा मेसेज ऐकला. झाड ऐकलं, घागर ऐकली. आन् ती बाटली दिसली मला. मंग मी तिला उचललं आन् पहिल्या खुर्चीत बसवलं. बाकीच्यांला म्हनलं, ही चालंल तसंच समदे चालतील. दादा, या बारीला पारुबाईला पुढं घेतलं बग."

अमरसिंगनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो लहान लेकरासारखा रडला. योगेश रडला, तातेरावही रडला, आणि पडद्यातली म्हातारी हे कोण लोक रडून राहिले म्हणून वाटी खाली ठेवून बघत राहिली. दिपानं तिला काहीतरी सांगितलं. तिनं माळ उचलून फोनपुढं धरली आणि खळखळ वाजवली.

फोन ठेवल्यावर रुख्मिणीबाईनं चूल पेटवली. सकाळपासून घरात कुणी जेवलं नव्हतं. पहिली भाकरी तव्यावरून उतरली तशी तिनं पदर डोक्यावर सारखा केला, भाकरीचा एक घास मोडला, त्यावर गूळ ठेवला आणि सासऱ्यापुढं धरला.

"टाका, मामा."

"दिवाळी न्हाई आज."

"नसू द्या. टाका."

अमरसिंग गुडघ्यावर हात ठेवून कसाबसा चुलीपाशी बसला. दरवर्षी घास टाकताना या घरात एवढंच म्हणायची रीत होती, "पारुबाई, जेव." त्यानं घास विस्तवात टाकला. गूळ तडतडला.

"पारुबाई, जेव," तो म्हणाला. "पोचलीस, बाई."